चायनाटाउनच्या उन्हाळी जत्रेला जाताय? मग जरा थांबा तिथे (सिएटल आणि इतर शहरं)

पावसाळी_सिएटल (धागाकर्ती)

सिएटलमध्ये जुलै म्हणजे खरा उन्हाळा, आणि जुलैतच इथल्या चायनाटाउन-इंटरनॅशनल डिस्ट्रिक्टमध्ये ड्रॅगन फेस्ट असतो, आणि तिथून थोडं चढून वर गेलं की बौद्ध देवळासमोरच्या मेन स्ट्रीटवर बॉन ओदोरी, म्हणजे पितरांसाठीचा जपानी फेराचा नाच. दोन्हीकडे आता आपली माणसं बरीच दिसतात, रेडमंड-बेलव्ह्यूवरून मुलंबाळं घेऊन येतात, छान वाटतं बघून. पण बहुतेक जण बबल टी घेतात, सिंहाबरोबर फोटो काढतात आणि तासाभरात परत. मला मनापासून वाटतं की असं केलं तर जे खरं बघण्यासारखं आहे तेच राहून जातं, म्हणून हा धागा काढतेय.

आधी सिंहनाच. ड्रॅगन म्हणजे काठ्यांवर धरलेला लांबलचक, त्याला बरीच माणसं लागतात. सिंहात दोनच. एक डोकं सांभाळतो, दुसरा मागे वाकून, आणि त्या बिचाऱ्याला सगळा वेळ पुढच्याची कंबरच दिसत असते, तरी पाय मात्र बरोबर पडतात. इथे दुकानांसमोर नाचतो तो दक्षिण चीनमधला, कॅन्टनकडचा सिंह. डोकं बांबूच्या कामट्यांचं, वर कागद नि कापड, आतल्या दोऱ्या ओढल्या की पापण्या मिटतात, कान हलतात. दुकानदार दारात लेट्यूसचा गड्डा टांगतो, त्याला पैशांचं लाल पाकीट बांधलेलं. सिंह एकदम जाऊन खात नाही हो. आधी लांबून बघतो, घाबरून मागे सरकतो, परत येतो, हुंगतो, आणि मग एका झटक्यात गट्टम, आणि पुढच्या क्षणाला पानांच्या चिंधड्या लोकांच्या अंगावर. ती पानं अंगावर पडली तर शुभ मानतात, पाकीट पथकाला जातं. आता पुढच्या वेळी सिंहाकडे न बघता ढोलवाल्याकडे बघा. तो ढोलाकडे बघतच नाही, त्याची नजर सिंहाच्या डोक्यावर खिळलेली. सिंह दबकला की हात हलका, सिंहाने मान झटकली की कडकडाट. म्हणजे ढोलावर सिंह नाचतो असं आपल्याला वाटतं, पण ढोलही सिंहाच्या मागे चाललेला असतो. आणि झांजवाल्यांचे डोळे ढोलवाल्याच्या हातांवर. ही साखळी एकदा दिसली की तुम्ही पुढच्या तीन दुकानांपर्यंत त्यांच्या मागे जाणारच.

दुसरं म्हणजे हे ज्या रस्त्यावर चालतं तो रस्ता. 1882 मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना देशात यायला बंदी घालणारा कायदा केला, तो 1943 पर्यंत होता. 1886 च्या फेब्रुवारीत सिएटलमध्ये जमाव घराघरांत शिरला, शेकडो चिनी लोकांना सामानासकट बंदरावर नेलं, बोटीत बसवून हाकलायला. क्वीन ऑफ द पॅसिफिक नावाची बोट होती. ज्यांच्या हातांनी इथले रेल्वेमार्ग आणि रस्ते झाले त्यांना. मग हळूहळू परत वस्ती झाली, किंग स्ट्रीटवर 1910 च्या सुमारास विटांच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि आज त्याच किंग स्ट्रीटवर उन्हाळ्यात गाड्या बंद करून सिंह नाचतो. मला तो नाच बघताना हे डोक्यात असतंच, आणि त्याने मजा कमी होत नाही, वाढते.

तिथेच विंग ल्यूक म्युझियम आहे, सणाच्या दिवशी नक्की आत जा. विंग ल्यूक 1962 मध्ये सिएटलच्या सिटी कौन्सिलवर निवडून आले, अमेरिकेच्या या वायव्य भागातले पहिले आशियाई वंशाचे लोकप्रतिनिधी, आणि 1965 मध्ये विमान अपघातात गेले. त्यांच्या नावाने म्युझियम 1967 मध्ये सुरू झालं. आता ते ज्या इमारतीत आहे ती अशीच जुनी 1910 ची, वरच्या मजल्यावरच्या कामगारांच्या छोट्या छोट्या खोल्या टूरमध्ये दाखवतात.

बॉन ओदोरीबद्दल खाली लिहीन, हातातलं काम संपवून. तुमच्या शहरात काय असतं तेही लिहा.

---

नवा_बेलव्ह्यूकर

मस्त धागा ताई. आम्ही नवीन आहोत इथे, लेक पाच वर्षांची. गर्दीत स्ट्रोलर चालेल का आणि गाडी कुठे लावायची? ढोलाच्या आवाजाला ती घाबरते थोडी.

---

पावसाळी_सिएटल

गाडी नकोच. लाइट रेलने इंटरनॅशनल डिस्ट्रिक्ट/चायनाटाउन स्टेशनला उतरा, समोरच ती मोठी कमान दिसेल, 2008 ची, 45 फूट उंच. सकाळी सुरुवातीलाच पोचा. हिंग हे पार्कमध्ये लाल खांबांचा मंडप आहे, तैपेइ शहराने 1970 च्या दशकात भेट दिलेला, तिथे जवळपास बसायला जागा मिळते. लेक घाबरत असेल तर सिंहाच्या पुढे उभं राहू नका, ढोलाची गाडी कुठाय ते बघा आणि तिच्या विरुद्ध बाजूला रहा. नाच संपल्यावर पोरं डोकं खाली काढून ठेवतात, तेव्हा जवळ नेऊन दाखवा आतून कसं आहे, विचारलं तर दोरी ओढू देतात बरेचदा. एकदा आत माणूस आहे हे कळलं की मुलांची भीती जाते.

---

स्पष्टच_बोलतो

धागा चांगला आहे पण माझं मत थोडं वेगळं. मला हे उन्हाळी फेस्टिवल फार बाजारू वाटायला लागलेत. फोन कंपन्यांचे आणि विम्याचे स्टॉल, आणि स्टेजवर आधी के-पॉपवाली पोरं मग हवाई नाच मग कुंग फू मग फिलिपिनो, सगळं एशियन म्हणून एका टोपलीत. चीन, जपान, व्हिएतनाम यांचं एकमेकांशी काय देणंघेणं? उद्या आपल्याला कोणी म्हटलं लावणी आणि बिहू एकच तर आवडेल का? मग हे का चालवून घ्यायचं.

---

पावसाळी_सिएटल

@स्पष्टच_बोलतो, स्टॉलबद्दल बरोबर आहे तुमचं, पण रस्ता बंद करायचा, पोलिस, स्टेज, साउंड याचा खर्च कुठून तरी यायचा ना, आणि फुकटात प्रवेश असतो म्हणूनच ज्यांना शंभर डॉलरचं तिकीट परवडत नाही ते आजी-आजोबा पहिल्या रांगेत बसलेले दिसतात.

टोपलीबद्दल मात्र मी असहमत आहे. निदान सिएटलमध्ये ही टोपली सणवाल्यांनी बनवलेली नाही. शहराच्या बऱ्याच भागांत घराच्या खरेदीखतातच लिहिलेलं असायचं की अमुक वंशाच्या लोकांना घर विकायचं नाही. त्यामुळे चिनी, जपानी, फिलिपिनो आणि काळे लोक सगळे याच उतारावर दाटीवाटीने राहिले. फिलिपिनो पोरं उन्हाळ्यात अलास्काला मासे डबाबंद करायच्या कारखान्यांत जायची आणि हिवाळ्यात इथल्या हॉटेलांत राहायची. जॅक्सन स्ट्रीटवर जॅझचे क्लब होते. नंतर 1960 च्या दशकात हायवे पाच नंबरचा याच वस्तीच्या मधून काढला, आणि 70 च्या दशकात बाजूला किंगडोम स्टेडियम आलं, त्याविरुद्ध हीच चिनी-जपानी-फिलिपिनो पोरं एकत्र रस्त्यावर उतरली. आणि 1975 नंतर व्हिएतनामी आले. ते शेजारी आहेत हो, एकाच स्टेजवर येणारच. उलट एकामागोमाग बघितलं की फरकच जास्त कळतो.

---

तारेवरची_बोटं

मी सतार शिकते (खूप वर्षं, अजून शिकतेच) म्हणून स्टेजवरच्या वाद्यांबद्दल लिहिते, लोक त्या वेळी नेमके खायला जातात!!

गुझेंग म्हणून एक लांब आडवं चिनी वाद्य असतं, हल्ली बहुतेक 21 तारांचं, प्रत्येक तारेखाली वेगळी सरकती घोडी, म्हणजे तार उचलून धरणारा आधार. वाजवणारी उजव्या हाताच्या बोटांना नख्या चिकटवते, चक्क चिकटपट्टीने, आणि तार छेडते. पण खरं काम डाव्या हाताचं. घोडीच्या पलीकडच्या बाजूला तार दाबते आणि सूर वर ओढला जातो, अगदी मींड. मी पहिल्यांदा जवळून बघितलं तेव्हा डोळे मिटून ऐकलं तर काही जागा थेट ओळखीच्या वाटल्या, आणि लगेच पुढे ती असं काही घेते की आपल्याकडे कोणी घेणार नाही. पाचच स्वर प्रामुख्याने, भूपाची आठवण येते पण चाल भूपाची नाही.

आणि अरहू. दोनच तारा, पडदे नाहीत, बोटाखाली लाकूडसुद्धा नाही, तार हवेतच दाबायची. गज दोन तारांच्या मधे अडकवलेला असतो, बाहेर काढताच येत नाही, बाहेरची तार वाजवायची तर गज पुढे रेटायचा, आतली तर स्वतःकडे ओढायचा. खालच्या छोट्या डब्यावर अजगराचं कातडं. एवढ्याशा वस्तूतून माणसाच्या गळ्याचा आवाज येतो. सारंगी आवडते त्यांनी अरहू चुकवू नका, स्टेजच्या जवळ बसा, लाउडस्पीकरजवळ नाही.

---

चार्ल्सकाठी

बॉस्टनकर हजर! आमच्याकडे जूनमध्ये चार्ल्स नदीवर ड्रॅगन बोटींच्या शर्यती असतात, 1979 पासून, उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्यांपैकी. हार्वर्ड स्क्वेअरला उतरून नदीकडे चालत जायचं, वीक्स पुलावरून सगळ्यात छान दिसतं. एका बोटीत वीस वल्हेकरी, मागे सुकाणूवाला आणि पुढे ढोलवाला/वाली, जिचं तोंड बोटीच्या आत, म्हणजे ती एकटीच उलटी बसलेली. ढोल शोभेचा नाही, त्याच्या ठोक्यावर वीसही वल्ही एकदम पाण्यात गेली पाहिजेत, एक जरी चुकलं तरी बोट डुचमळते. माझ्या ऑफिसची टीम होती, मी वल्ह्यावर. सुरुवातीला ताकद लावली की झालं असं वाटतं, पण आमच्यापेक्षा बारीक अंगाच्या कॉलेजच्या मुलींनी आम्हाला आरामात मागे टाकलं कारण त्यांचा ताल एक होता.

शर्यतीआधी बोटीच्या तोंडावरच्या ड्रॅगनचे डोळे रंगवतात, म्हणजे तो जागा होतो. आपल्याकडे मूर्तीचे डोळे शेवटी उघडतात ना, तसंच, अंगावर काटा आला मला. मागची गोष्ट चू युआन नावाच्या कवीची, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा, राज्य बुडालं म्हणून त्याने नदीत उडी घेतली आणि लोक होड्या घेऊन त्याला शोधायला निघाले. माशांनी त्याला खाऊ नये म्हणून भात टाकला म्हणतात, म्हणून त्या सणाला पानात बांधलेला चिकट भात खातात. एका कवीसाठी अजून लोक वल्ही मारतायत, मला याचं फार अप्रूप वाटतं.

@पावसाळी_सिएटल बॉन ओदोरीचं लिहा की आता, वाट बघतोय.

---

पावसाळी_सिएटल

हो, लिहिते.

बॉन म्हणजे पितरांचे दिवस. गोष्ट ऐकून आपल्यातले बरेच जण चकित होतील कारण ती मौद्गल्यायनाची आहे, बुद्धाचा शिष्य, आपल्याकडचे बौद्ध बांधव ज्यांना महामोग्गलान म्हणतात ते. त्यांना ध्यानात दिसलं की मेलेली आई प्रेतयोनीत उपाशी आहे, तिला अन्न दिलं तर तोंडात निखारे होतात. बुद्धाने सांगितलं, वर्षावास संपताना सगळ्या भिक्षूंना दान दे. दिलं, आई सुटली, आणि हा आनंदाने नाचला. त्या नाचाची आठवण म्हणून नाच. म्हणजे पितरांसाठी रडायचं नाही, रस्त्यावर फेर धरायचा.

सिएटलमध्ये हे 1932 पासून आहे. आणि मधली काही वर्षं नव्हतं, का तर 1942 मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या सगळ्या जपानी वंशाच्या लोकांना, अमेरिकेत जन्मलेल्यांनासुद्धा, घरातून काढून छावण्यांत टाकलं. सिएटलच्या लोकांना आधी प्युऑलपच्या जत्रेच्या मैदानात ठेवलं, 7,000 हून जास्त माणसं, काही तर जनावरांच्या गोठ्यांत, आणि मग आयडाहोत मिनिडोकाला. आपण सप्टेंबरमध्ये ज्या स्टेट फेअरला जातो ना, तेच ते मैदान. मेन स्ट्रीटवरच्या पनामा हॉटेलच्या तळघरात लोकांनी जाताना ट्रंका ठेवल्या, कित्येक जण त्या न्यायला परत आलेच नाहीत. उवाजिमाया, जिथून आपण सगळे टोफू आणि आंबे आणतो, त्याचे संस्थापक मोरिगुची 1928 मध्ये टॅकोमात गाडीवरून माशाच्या वड्या विकायचे, तेही कुटुंबासकट छावणीत गेले, आणि सुटल्यावर सिएटलला येऊन परत दुकान थाटलं. बॉन ओदोरीही तशीच परत सुरू झाली.

आता नाच. बघायला उभं राहू नका, उतरा. गोल फेर असतो, भोंडल्यासारखा, फक्त रस्ताभर लांब. कोणीही शिरायचं, किमोनो-युकाता हवाच असं नाही. सगळ्यात सोपा म्हणजे तांको बुशी, कोळसा खाणकामगारांचा नाच, क्यूशू बेटावरचा. उजवीकडे दोनदा खणा, डावीकडे दोनदा खणा, कोळसा खांद्यावरून मागे टाका, दुसऱ्या खांद्यावरून टाका, कपाळावर हात धरून चंद्र बघा, या बाजूने, त्या बाजूने, मग गाडी ढकला, ढकला, हात मोकळे करा, टाळ्या. झालं, परत पहिल्यापासून. दोन फेऱ्यांत येतो. समोरच्या आजींचे हात बघायचे, त्या ऐंशीच्या पुढच्या असतात आणि मनगट असं वळतं की वीस वर्षांची पोर फिकी पडेल. सणाच्या आधी काही संध्याकाळी देवळात प्रॅक्टिस असते, सगळ्यांना खुली, तिथे जा म्हणजे जा. सणाच्या गर्दीत जे मिळत नाही ते तिथे मिळतं, कोणीतरी हात धरून शिकवतं.

---

पथक_प्रेमी

मी इथल्या ढोल-ताशा पथकात वाजवतो, त्यामुळे तायकोवर, म्हणजे जपानी ढोलावर, बोलल्याशिवाय राहवत नाही. जपानमध्ये मोठा तायको एका ओंडक्यातून कोरतात, महाग प्रकरण. अमेरिकेतल्या जपानी पोरांनी 1969 च्या आसपास लॉस एंजेलिसच्या बौद्ध देवळात वाइनच्या रिकाम्या बॅरल आणल्या, त्यावर कातडं ताणलं आणि स्वतःचे ढोल स्वतः बनवले. इथली बरीच पथकं अजून तसेच बनवतात. आपण ढोल पुण्याहून विमानाने मागवतो, कस्टममध्ये अडकतात, पान (ढोलावरचं ताणलेलं आवरण) खराब होतं आणि वर्षभर रडतो. आपणही इथे बनवायला शिकलं पाहिजे असं माझं ठाम मत झालंय.

अजून एक, त्यांची उभं राहायची पद्धत. डावा पाय पुढे वाकलेला, उजवा मागे ताठ, आणि ठोका खांद्यातून नाही तर पोटातून येतो. गप्प राहण्यालाही ते वाजवण्याएवढंच महत्त्व देतात, ठोक्यानंतर हात वर थांबलेला असतो तोही मोजलेला. आमच्या पथकातल्या पोरांना मी मुद्दाम घेऊन गेलो होतो, त्यानंतर आमची रांग सरळ झाली, खरंच.

सीफेअर या सिएटलच्या उन्हाळी उत्सवातल्या टॉर्चलाइट परेडमध्ये चिनी मुलींचं ड्रिल पथक बघा, 1952 पासून आहे, रुबी चाऊ यांनी सुरू केलेलं. कॅन्टनी नाटकातल्या योद्ध्या स्त्रीचा पोशाख, टिकल्यांनी भरलेला, डोक्यावर लांब पिसं, आणि पावलं एकदम लष्करी. या रुबी चाऊ पुढे 1973 मध्ये किंग काउंटीच्या कौन्सिलवर निवडून आल्या. ब्रूस ली तरुणपणी सिएटलला आला तो त्यांच्याच हॉटेलात वेटर होता आणि वरच राहायचा.

---

बेडोकवासी

सिंगापूरहून. मौद्गल्यायनाची गोष्ट वाचून लिहायला बसले. इथे चिनी सातव्या महिन्यात, साधारण ऑगस्टमध्ये, त्याच गोष्टीचा सण असतो. बिल्डिंगच्या खालच्या मोकळ्या जागेत मांडव घालतात आणि रात्री गाण्याचे कार्यक्रम, गेताइ म्हणतात, भडक दिवे, चमचमणारे ड्रेस, होक्किएन या चिनी बोलीतली गाणी. पहिली रांग रिकामी ठेवतात. ती पाहुण्यांची, म्हणजे त्या महिन्यात वर आलेल्या पितरांची आणि ज्यांचं कोणी नाही अशा आत्म्यांची. नवीन आलेले आपले लोक बिनधास्त जाऊन बसतात, कोणी ओरडत नाही पण बसू नका हो, दुसऱ्या रांगेपासून मागे कुठेही बसा. आमच्याकडे पितृपक्ष थोड्याच दिवसांनी येतो, माझ्या शेजारच्या चिनी काकू आणि मी त्या सुमारास एकमेकींना विचारतो, तुमच्यात कोणाकोणाचं पान वाढता. त्यांच्यात घरच्यांबरोबर अनोळखी भुकेल्यांसाठीही रस्त्याच्या कडेला ठेवतात, ते मला फार आवडतं.

---

डॉकयार्ड_रोड

एवढं लांब न जाता येणाऱ्यांसाठी, मुंबईत माझगावला एक चिनी देऊळ आहे, सी यूप कून, 1919 चं, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर, ग्वान कुंग या योद्ध्याचं. त्या भागात एकेकाळी चिनी खलाशांची वस्ती होती, 1962 च्या चीन युद्धानंतर बरेच निघून गेले, काहींना तर इथल्या सरकारने राजस्थानात देवळीच्या छावणीत टाकलं होतं. वर 1942 चं वाचलं म्हणून लिहिलं, आपल्याकडेही झालंय हे. चिनी नववर्षाला जा, उदबत्ती लावा, शांतपणे बघा.

---

स्पष्टच_बोलतो

देवळीचं मला माहीत नव्हतं. आणि पावसाळी ताई, शेजारी असण्याचा मुद्दा पटला. स्टॉलबद्दलचं मत कायम. यंदा प्रॅक्टिसला येतो, तांको बुशी.

---

नवा_बेलव्ह्यूकर

आम्ही पण येणार. सासूबाई साताऱ्याहून आल्यात सहा महिन्यांसाठी, घरात कंटाळल्यात, फेर म्हटल्यावर एकदम उठून बसल्या. फक्त एक प्रश्न, त्या शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण चालतं पण मासे-अंडं नाही. बॉन ओदोरीला खायला काय मिळेल?

---

पावसाळी_सिएटल

सासूबाईंना जरूर आणा! खाण्याचं मात्र जपून. जपानी पदार्थात दिसायला भाजी असली तरी रसात सुक्या माशाचा अर्क, म्हणजे दाशी, असतो, नूडल्सचा सूप, तेम्पुराची चटणी, ओकोनोमियाकीवरची (कोबीचं जाड धिरडं) ती हलणारी पातळ पापुद्री, सगळं मासा. नुसतं व्हेजिटेरियन आहे का विचारू नका, दाशी घातलीय का असं विचारा, स्टॉलवरच्या काकू नीट सांगतात. भाजलेलं कणीस मिळालं तर वर काय लावतात ते बघून घ्या. गोड लाल चवळीसारख्या डाळीचं सारण भरलेला मोची चालेल, आणि बर्फाचा गोळा, सरबत घालून. तरी डब्यात दशम्या-चटणी ठेवा, मी ठेवतेच. आणि पायात सपाट चपला, रस्ता उताराचा आहे. प्रॅक्टिसच्या तारखा देवळाच्या साइटवर आल्या की इथेच टाकते.